वाटणीतला नांगर

“होडी धाकट्याची, नांगर थोरल्याचा,” छितुकाका म्हणाले आणि तंबाखू थुंकून उठले. वाटणी संपली.

चिंचेखाली बसलेल्यांनी हसू दाबलं. आमच्या माछीवाड्यात पंचांसमोर कुणी हसत नाही. हसायचं ते घरी जाऊन, जेवताना. पण होडीशिवाय नांगर म्हणजे नुसतं लोखंड आणि नांगराशिवाय होडी म्हणजे नुसत्या फळ्या, हे नर्मदेच्या काठावर कुणाला सांगावं लागत नाही. छितुकाकांनाही ते कळत होतं. एकाकडे हे आणि दुसऱ्याकडे ते राहिलं की भावांना एकमेकांची गरज पडेल आणि पावसाळ्यापर्यंत भांडण मिटेल, असं त्यांना वाटलं. म्हाताऱ्या माणसांना असं काहीतरी सुचतं.

गोमान थोरला. अंगाने जाड, आवाजाने त्याहून जाड. त्याने बापाचा चार नखांचा नांगर तिथल्या तिथे खांद्यावर घेतला, दोराचं वेटोळं दुसऱ्या खांद्यावर टाकलं आणि धाकट्याला म्हणाला, “उकड, होडी वाहून जाईल हां. रात्रीची तुझ्या बायकोला बांधत जा तिला.”

उकड ओंडक्यासारखा बसून राहिला. त्याची बायको रतन जरा लांब, जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, घेतात तसा घुंगट घेऊन, पदर हनुवटीपर्यंत ओढून उभी होती. थोरल्या दिराशी आमच्याकडे बाई बोलत नाही. जन्मभर नाही. अगदीच सांगायचं असलं तर ती भिंतीला सांगते, चुलीला सांगते, आणि जेठाने ते ऐकून घ्यायचं. रतनने पायाशी चरणाऱ्या शेळीला सांगितलं, “ऐकलंस का गं? भावजयीचा नांगर करायला निघालेत. सासू असती तर जीभ डागली असती.”

गोमान शेळीकडे बघून हसला आणि वाटेला लागला.

भांडण सगळं वडाच्या डोहाचं होतं. पल्ला मासा समुद्रातून गोड्या पाण्याकडे चढतो तेव्हा नदीतल्या बेटाच्या वरच्या अंगाला, वडाच्या सावलीतल्या त्या डोहात दम खातो. तिथे ज्याचं जाळं, त्याचं घर वर्षभर जेवतं. बाकीच्या जागांवर पावसाळा निघतो, वर्ष निघत नाही. बाप जिवंत होता तोवर डोह त्याचा होता. पण आमच्यात जागा वारशाने येत नाही, नांगराने येते. दिवासोला, म्हणजे आषाढी अमावास्येला, मोठं उधाण असतं. दुपारी पाणी तळाला गेलं की ज्याने त्याने हव्या त्या जागी नांगर टाकायचा आणि होडीत बसून राहायचं. भरती चढू द्यायची, ओहोटी लागू द्यायची. दिवे लागेपर्यंत जो जागेवर, जागा त्याची, पुढच्या दिवासोपर्यंत. नांगर हात-दोन हात सरकला तर चालतो. पण सरकत खालच्या होडीवर गेला, सुटला, किंवा दोर कापला, तर संपलं. मग खाली, बेटाच्या शेपटीला, जिथे नुसता चिखल आणि खेकडे, तिथे जाऊन लागायचं. एका जागेवर दोघांनी टाकला आणि दोघेही टिकले तर आळीपाळी.

“आत्ताच पाळी लावून देऊ का?” असं छितुकाकांनी वाटणीआधी विचारलं होतं. दोघे भाऊ एका दमात “नाही” म्हणाले. तेवढ्यावर त्यांचं एकमत होतं.

गोमानने सासऱ्याची जुनी होडी डांबर फासून आणली. उकडला नांगर हवा होता.

तो वल्लभ लोहाराकडे गेला. दुपारची वेळ, भट्टीपुढे उभं राहवत नव्हतं. वल्लभने घाम पुसला आणि न बघताच म्हणाला, “ये. काय हवंय?”

“चार नखांचा नांगर. बापाच्याहून जड.”

“तुझा भाऊ येऊन गेला.”

“मग?”

“मग हे.” वल्लभने पायाने गोणपाट बाजूला केलं. खाली बापाचा नांगर पडला होता. दांड्याला जहाजाच्या साखळीचे जाडजूड दुवे जोडायचं काम चाललं होतं. “म्हणाला, उकड काय सांगेल ते सांगू दे, माझा त्याहून जड कर.”

उकड वाकला, नांगराच्या एका नखावरून त्याने अंगठा फिरवला. ते नख जरा आत वळलेलं होतं. ते वाकलं त्या वर्षी दोघे भाऊ बापाबरोबर होडीत होते.

“हात नको लावू. तापलंय,” वल्लभ म्हणाला.

“थंड आहे.”

“तरी नको लावू. गिऱ्हाइकाचा माल आहे.”

“मग माझा दुप्पट कर.”

“तू दुप्पट म्हणशील, तो अडीचपट म्हणेल. माझं काय जातं? पण तुझी होडी केवढी रे? म्हशीचं दावं शेळीच्या गळ्यात घालतं का कुणी?”

“तू नांगर करतोस की कीर्तन करतोस?”

“सध्या गोमानचा नांगर करतोय. दिवासोपर्यंत हात रिकामा नाही. आणि माझ्या उजेडात उभा राहू नकोस.”

उकड घरी आला तो भाकरीकडे न बघता. रतन निवटे मासे साफ करत बसली होती. ओहोटीला चिखलात मांडीपर्यंत रुतून तिने ते हाताने पकडले होते. पायावरचा चिखल वाळून त्याला भेगा गेल्या होत्या.

“नाही म्हणाला ना?” ती म्हणाली. “बरं झालं. बाभळीचं बेचकं तोडून आणा, मी तुटक्या जात्याची तळी काढून ठेवते. दगड बेचक्यात बांधायचा, झाला नांगर. माझ्या बापाने जन्मभर तोच टाकला.”

“तुझ्या बापाच्या गावात नदीला गुडघाभर पाणी.”

“गुडघाभर पाण्यात चार मुली उजवल्या त्यानं. तुम्ही एवढ्या समुद्रासारख्या पाण्यात राहून एका पोराला घरात ठेवू शकला नाहीत.”

हसू, त्यांचा मुलगा, कारखान्यात लागला होता आणि तिथेच खोली घेऊन राहत होता. त्याच्या हाताला आता रंगाचा वास यायचा. हा घाव रतन जपून ठेवायची आणि गरज पडली की काढायची. उकड उठला आणि ओट्यावर जाऊन पाठ करून बसला.

दोन-चार दिवसांनी रतन विहिरीवर जायला निघाली तर उतरंडीवर हंडे नव्हते. तिच्या माहेरचे, एक तांब्याचा, एक पितळेचा. तिने सगळं घर पाहिलं, मग परसात पाहिलं, मग कमरेवर हात ठेवून रस्त्याकडे बघत उभी राहिली.

उकड तेव्हा भरूचला भंगारवाल्याच्या अंगणात होता. तिथे फुटक्या बोटींची पोटं, पंख्यांची पाती आणि गंजलेले पंप यांच्यामधून वाट काढत त्याने तो नांगर शोधला. वाळू काढणाऱ्या मोठ्या पडावाचा होता. दोन रुंद पाती, फावड्यासारखी, आणि मांडीएवढा दांडा. चिखलात एकदा पातं शिरलं की बैलांनी ओढून निघणार नाही असा.

“किती मोठी आहे तुमची बोट?” भंगारवाल्याने विचारलं.

“मोठी आहे.”

“इंजिन कुठलं?”

“तुला काय करायचंय? लोखंड विकतोस ना, विक.”

भंगारवाल्याने त्याच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, खांद्यावर मासळीच्या पाण्याने कडक झालेल्या कुडत्याकडे पाहिलं, आणि हंडे वाजवून बघितले. “एकाला पोचा आहे.”

“तो माझ्या लग्नात पडला. तेव्हापासून पाणी राहतंय त्यात.”

तीनचाकी छकडा रिक्षात नांगर मागे ठेवला तर छकड्याचं पुढचं चाक रस्ता सोडून उचललं जायला लागलं. चालवणारा शिव्या देत होता. शेवटी त्याने उकडला पुढे दांडीवर बसवलं, वजन म्हणून. असा तो गावात आला, दांडीला मिठी मारून, मागे लोखंड आणि पुढे तो. चिंचेखालच्या लोकांनी या खेपेला घरी जाऊन हसण्याचा रिवाज पाळला नाही.

“उकड, जहाज मागून येतंय का?”

“आगबोटीशी लगीन लागलं वाटतं, हुंड्यात नांगर आला!”

उतरवायला कुणी उठलं नाही. गोमानने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आणि न सांगताही कुणी उठलं असतं असं नाही. उकड आणि रतनने फळी लावून, पहार घालून तो घसरवत खाली घेतला. तो पडला तेव्हा जमिनीत रुतला.

रतनने धाप आवरली. मग त्या पात्यांकडे बघत म्हणाली, “हा होडीसाठी आणलाय की जेठांसाठी?”

“टिकायचं आहे ना डोहात?”

“टिकेल. तो टिकेल. तुमचं-आमचं मी विचारतेय.”

“तुझ्या हंड्यांचं बोल ना सरळ.”

“हंड्यांचं बोलणारच आहे. पण ते हयातभर पुरेल, आत्ता घाई नाही.”

खाडीच्या तोंडाशी पाणी शांत असताना त्याने नांगर टाकून बघितला. टाकला म्हणजे ढकलला; होडी एका अंगाला कलली आणि दोर धूर निघेल असा सुटला. धरला मात्र असा की होडी खुंटाला बांधल्यासारखी उभी राहिली. उकडने वल्ही मारून बघितली, हिसके देऊन बघितले. पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर बरं वाटल्याची खूण दिसली.

मग काढायची वेळ आली. तो एकटा ओढत राहिला. तळव्यांची साल निघाली, दोर लाल झाला. नांगर हलला नाही. शेवटी त्याने जुनी माणसं करतात ते केलं. दोर आखूड करून होडीच्या तोंडाच्या खुंटाला आवळला आणि भरतीची वाट बघत बसला. पाणी चढेल, होडी उचलली जाईल, होडी नांगराला उचलेल. पाणी चढलं. होडीचं तोंड मात्र वर यायच्या ऐवजी खाली जायला लागलं. मागची बाजू उचलली गेली, पुढच्या फळीवरून पाणी आत आलं, डब्यातली बिडी आणि काडेपेटी पोहायला लागली. उकड तोंडाशी पालथा पडून गाठ सोडायला धडपडत होता आणि ओली गाठ सुटत नव्हती.

काठावर गोमान आला होता. तो खाली बसला, त्याने बिडी पेटवली.

“काय रे, नांगर होडीला बांधलाय की होडी नांगराला?”

तेवढ्यात चिखलातून फस्स करून पातं सुटलं आणि होडी उसळून सरळ झाली. उकड गुडघाभर पाण्यात बसला होता. त्याने हातातला दोर सोडला नाही.

“बापाचा नांगर का टिकला सांगू?” गोमान उठत म्हणाला. “ताण आला की तो जरासा सरकायचा. मग पुन्हा धरायचा. सरकला म्हणून बाप म्हातारा होऊन खाटेवर मेला.”

“आणि त्याच्यावर साखळी का चढवलीस मग?”

गोमानने बिडी पाण्यात टाकली. “तुझ्यामुळे,” एवढं म्हणून तो गेला.

त्या संध्याकाळी रतनने ओल्या घोंगड्यासारखा बसलेला नवरा पाहिला, त्याच्या तळव्यांना हळद-तेल लावलं, आणि लावताना मुद्दाम जोरात दाबलं. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः जाऊन बाभळीचं बेचकं तोडून आणलं. काटे तासले, जात्याची तळी मधल्या भोकातून काथ्याने आवळून बेचक्यात बसवली. उकड बघत होता.

“ते शेपटीला लागणाऱ्यांचे नांगर,” तो म्हणाला. “मी ते घेऊन डोहात गेलो तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील.”

“आत्ता काय गुलाल टाकतायत?”

तिने तो बाभळीचा नांगर होडीच्या मागच्या फळीखाली सरकवून ठेवला. त्याने काढून टाकला नाही. दिसला नाही असं केलं.

दिवासोला सकाळपासून आभाळ खाली आलं होतं. वरच्या मुलखात पाऊस पडत होता. नदीला गढूळ लाल रंग आला होता आणि पाण्यातून बांबूची बेटं, गवताचे भारे, एखादी मेलेली कोंबडी वाहत चालली होती. बायकांनी काठावर नारळ वाढवले, दूध सोडलं, रेवामातेला ओढणी वाहिली. उकडला होडीत दुसरा माणूस हवा होता. ज्याला विचारलं त्याच्या घरी त्याच दिवशी कुणीतरी आजारी होतं.

रतन कासोटा घालून होडीत चढली.

“ए, बाई नांगराच्या होडीत बसत नाही,” छितुकाका ओरडले. “उकड, रीतभात आहे की नाही?”

“रीतीला सांगा दुसरं वल्हं धरायला, काका,” उकड म्हणाला. “ती आली तर मी बायकोला उतरवतो.”

काका तंबाखू मळायला लागले. रतनने पदर ओढून घेतला, कारण पलीकडच्या होडीत जेठ होता, मेव्हण्याला घेऊन.

पाणी तळाला गेलं आणि थांबलं. हाळी झाली. सगळ्या होड्यांनी नांगर टाकले. वडाच्या डोहात दोन होड्या, दोन्हींची तोंडं इतकी जवळ की गोमानच्या बिडीचा धूर इकडे येत होता. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

मग भरती आली. आमच्याकडे ती चालत येत नाही, घोड्यासारखी येते, पाण्याची आडवी भिंत करून. तो घोडा बेटाला आपटला, फुटला, आणि होड्या एकामागून एक वर उचलल्या गेल्या. खाली दोन नांगर सुटले, होड्या गिरक्या घेत गेल्या, माणसांच्या शिव्या ऐकू आल्या. बापाचा नांगर सरकला. गोमानची होडी मागे मागे जायला लागली. उकड उठून उभा राहिला. त्याच्या ओठांवर “जा, जा” असं काही होतं. पण नांगराने पुन्हा पकडलं, मागच्या होडीपासून वीतभर अलीकडे. गोमानने कपाळावरचं पाणी निपटलं आणि दोर आखडून घेतला.

उकडची होडी सुताइतकीही हलली नव्हती.

“बघितलंस?” तो रतनला म्हणाला.

“बघतेय. अजून ओहोटी आहे.”

पाणी भरलं, थांबलं, उलटं फिरलं. होड्यांनी तोंडं फिरवली. ओहोटीला वरच्या पुराचं पाणी मिळालं आणि नदी दुप्पट ओढायला लागली. दोर तारेसारखा ताठ झाला, त्यातून गुणगुण ऐकू यायला लागली. दिवे लागायला फार वेळ नव्हता. पलीकडच्या गावात एक धूर चढला होता.

झाड रतनने आधी पाहिलं. मुळांसकट उपटलेली अख्खी बाभूळ, मुळांत गवत आणि जलपर्णी अडकून बैलगाडीएवढी झालेली. ती सावकाश लोळत आली आणि बरोबर उकडच्या दोरावर आडवी बसली. होडीने मान खाली घातली.

उकडने कळकाने झाड ढकललं. कळक मोडला. त्याने पायाने ढकललं, मांडीत काटा घुसून मोडला. मागून आणखी जलपर्णी येऊन झाडाला चिकटत होती. होडीचं तोंड फळीभर खाली गेलं. खालचा नांगर तसूभर सरकला असता तर झाड बाजूने निघून गेलं असतं. तो सरकणारा नव्हता. त्यासाठीच तर तो आणला होता.

“काप!” गोमान ओरडला. “उकड, दोर काप!”

उकडने मान वर केली. “तुला हेच हवंय!”

“अरे बुडशील! काप म्हणतो ना!”

“तुझ्या घशात डोह घालू? नाही कापत जा!”

पाणी पुढच्या फळीवरून आत आलं. रतन कोयता घेऊन पुढे सरकली. उकडने तिचं मनगट धरलं. “बस खाली! थोडं राहिलंय. दिवे लागतील आता.”

“कुणाच्या घरात?” रतन म्हणाली.

तिने मनगट फिरवून सोडवलं. तिचा पदर कधीच डोक्यावरून गेला होता, केस तोंडावर चिकटले होते, आणि जेठ हातभर अंतरावरून बघत होता. तिने दोन्ही हातांनी कोयता घातला. पहिल्या घावाला दोर अर्धा तुटला, बाकीचा आपला आपण तुटला, आणि त्याचं टोक उकडच्या गालावर चाबकासारखं बसून गेलं.

होडी आडवी होऊन गेली. झाड तिला घासत निघून गेलं. रतनने मागच्या फळीखालून बाभळीचा नांगर ओढून काढला आणि पाण्यात टाकला. तो सरकला, सरकला, शेपटीच्या चिखलापर्यंत सरकत गेला, आणि मग त्याने धरलं. थोड्या वेळाने काठावर दिवे दिसायला लागले.

उकड त्या दिवसापासून बायकोशी बोलेनासा झाला. तिने वाढलं की जेवायचा, तिने वल्हं धरलं की दुसरं धरायचा. दोघे रोज शेपटीला जात. तिथे पल्ला यायचा तो वाट चुकलेला. बाकी शिंगटी, कोळंबी, आणि खेकडे जाळी कुरतडायला. बाभळीचा नांगर रतन एकटी टाकायची आणि एकटी काढायची. वरून जाताना गोमानचा मेव्हणा ओरडायचा, “भाभी, जातं दळून झालं का?”

गोमान डोहात बसला. पहिल्या दिवशी त्याने जाळं सोडलं, प्रवाहाबरोबर ते तळाशी पसरलं आणि ओढताना अडकलं. निघालं तेव्हा मधोमध बैल जाईल एवढं भोक. त्याला वाटलं, ओंडका असेल. दुसऱ्या दिवशी दुसरं जाळं. तेही तिथेच. मग त्याने हूक लावून चाचपलं, हुकाला लोखंड वाजलं, आणि त्याला काय ते कळलं. मेव्हण्याला घेऊन त्याने ओढून पाहिलं. पातं चिखलात गेलेलं, दोर तुटून बुडालेला. एका होडीने ते निघणं शक्य नव्हतं. त्याची होडीसुद्धा तोंडावर गेली. काठावर बसलेल्यांनी तेही पाहिलं, आणि ते घरी जाऊन हसले.

श्रावण लागला. पल्ल्याचा थवा वर चढत होता, आणि डोहात गोमानचं जाळं दर खेपेला फाटत होतं. त्याची बायको दिवसभर सुई घेऊन बसायची आणि जाळ्याला टाके कमी, शिव्या जास्त घालायची.

एक दिवस सकाळी, उकड ओट्यावर दात घासत असताना, गोमान दारात आला. खांद्यावर फाटकं जाळं होतं. वाटणीनंतर तो प्रथमच या अंगणात येत होता. रतन शेळीचं दूध काढत होती. तिने पदर ओढून घेतला आणि पाठ फिरवली.

गोमानने जाळं अंगणात टाकलं. “उचल तुझा नांगर.”

उकडने चूळ भरली.

“ऐकू येतंय का? दोन्ही होड्या लावू. मध्ये वासा आडवा टाकू, पाणी तळाला असताना बांधू, भरती उचलेल. तुझी होडी लागेल. मेव्हणा येईल.”

उकडने दुसरी चूळ भरली. गालावरचा दोराचा वळ अजून काळा होता.

“मी काप म्हणालो म्हणून जिवंत आहेस,” गोमान म्हणाला.

“मी नाही कापला.”

“तेच ते. थवा निघून चाललाय, उकड. माझं नाही, तुझं नाही, कुणाचंच होत नाहीये.” त्याचा आवाज जरा खाली आला होता, आणि ते त्याला स्वतःलाच आवडलं नाही. त्याने लगेच चढवला. “दुसऱ्याच्या जागेत लोखंड टाकून बसलाय! पंचांकडे जाऊ का?”

रतनने शेळीच्या पाठीवर हात ठेवला.

“काय गं,” ती शेळीला म्हणाली, मोठ्याने, सावकाश, “तू तर होतीस तिथं चिंचेखाली. पंचांनी काय सांगितलं होतं? होडी धाकट्याची, आणि नांगर कुणाचा?”

गोमान एक पाऊल पुढे आला.

“थोरल्याचा ना?” रतन म्हणाली. “मग ज्याचा त्यानं उचलावा. आमचा काय संबंध? आम्ही होडीवाली माणसं.”

शेळीने कान हलवले. गोमानने आधी रतनच्या पाठीकडे पाहिलं, मग भावाकडे, की हा तरी काही बोलेल. उकडच्या गालावरचा वळ हलला. तो खाली मान घालून हसत होता; आवाज न करता, पण खांदे हलत होते.

गोमान वाकला. जाळं गोळा करायला त्याला वेळ लागला, कारण ते तुळशीच्या कट्ट्याला अडकलं होतं आणि सोडवायला कुणी पुढे झालं नाही. ते घेऊन तो निघून गेला. तो पंचांकडे गेला नाही. जाऊन काय सांगणार होता?

त्या वर्षी वडाचा डोह कुणालाच लाभला नाही. पल्ला आला, डोहात त्या लोखंडावरून दम खाऊन वर निघून गेला. वरच्या गावांना म्हणे फार मिळाला, त्यात रतनचं माहेरही आलं.

गोमान दिसेनासा झाल्यावर उकडने तोंड पुसलं, दारामागचं वल्हं काढलं आणि किती दिवसांनी बायकोकडे बघितलं.

“चल,” तो म्हणाला. “ओहोटी लागेल. तुझा दगड घेतलास का?”

“होडीतच आहे,” रतन म्हणाली. “आणि हंड्यांचं मी विसरले नाही.”